कै. दादासाहेब फाळके आणि कॅमेऱ्याचा वेग

रामनवमीस वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनास दूरदूरच्या तांड्यांतून लोक येतात, नगारे वाजू लागतात, आणि आरसे जडविलेले घागरे गरगर फिरवीत स्त्रिया फेर धरतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी या समाजाच्या इतिहासाचे एक भव्य संग्रहालयही तेथे उघडण्यात आले. अलीकडे बहुतेक यात्रेकरूंच्या हाती छायाचित्रे घेणारा मोबाइल असतो. घरी येऊन ती चित्रे न्याहाळावीत, तो मंदिराचा कळस स्वच्छ उमटलेला, बसलेल्या म्हाताऱ्याच्या मुद्रेवरील सुरकुती न् सुरकुती स्पष्ट. परंतु नगाऱ्यावर पडणारी टिपरी मात्र नाहीशी होऊन तिच्या जागी एक धुरकट पट्टा, आणि घागऱ्यांवरील आरशांच्या नुसत्या पांढऱ्या रेघा!

असे का व्हावे, हे थोड्या गणिताने कळते. टिपरीचे टोक सेकंदास ५ मीटर या वेगाने खाली येत आहे असे समजू. कॅमेऱ्याचा डोळा सेकंदाचा पन्नासावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्या अवकाशात ते टोक १० सेंटिमीटर सरकते, व तो सर्व प्रवास एकाच चित्रावर सारवला जातो. डोळा सेकंदाचा हजारावा भागच उघडला, तर टोक अवघे ५ मिलिमीटर सरकते आणि टिपरी टिपरीसारखी दिसते. चपळ वस्तूंची चित्रे घेणारे जे अतिवेगवान डिजिटल कॅमेरे आज निघाले आहेत, त्यांच्या बुडाशी हाच विचार आहे. डोळा किती वेळ उघडावा, सेकंदात किती वेळा उघडावा, आणि घेतलेली चित्रे पुन्हा कोणत्या गतीने दाखवावीत, हे ते तीन प्रश्न होत. यंत्रात वीज नव्हती आणि सर्व वेग माणसाच्या मनगटात होता, त्या काळी आपल्या महाराष्ट्रातील एका गृहस्थाने या प्रश्नांपायी आपले डोळे आणि आपला संसार पणास लावला. त्यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. मुंबईस स्कॉटिश मिशनने चालविलेल्या विल्सन कॉलेजात त्यांस संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले, आणि त्यामुळे ते कुटुंब गोदावरीचा उगम सोडून मुंबईस आले. शास्त्रीबुवांचा हा मुलगा वैदिकी किंवा अध्यापन पत्करील अशी अपेक्षा असणे साहजिक होते; पण त्याचे लक्ष रंगांत आणि नकला करण्यात. १८८५ साली तो सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि पुढे वडील बंधूंबरोबर बडोद्यास गेला. तेथील कलाभवनात त्याने चित्रकला, मूर्तिकाम व वास्तुकला यांचा अभ्यास केला. १८९० च्या सुमारास त्याने एक कॅमेरा विकत घेतला. फोटो काढणे, काच धुणे, कागदावर ठसा उतरविणे ही सर्व कामे त्याने स्वतः करून पाहिली. कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे मोठे गुणग्राहक होते. त्यांनी फाळक्यांस तीन रंगांचे ठसे करण्याची विद्या शिकण्यासाठी रतलामला पाठविले, व परत आल्यावर कलाभवनाचा फोटो स्टुडिओ वापरावयास दिला.

यानंतरची दहा-बारा वर्षे फाळक्यांस स्थैर्य असे लाभलेच नाही. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला. पण १९०० सालच्या प्लेगात पत्नी व मूल दोघेही गेले. बडोद्यास परत येऊन पुन्हा दुकान थाटले, तर फोटो काढल्याने माणसाच्या अंगातील शक्ती यंत्रात ओढली जाते व त्याचे आयुष्य खुंटते, अशी लोकांची समजूत आड आली. वाचकांस हे आज हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या काळी गिऱ्हाइकास मान अडकवून कितीतरी वेळ निश्चल बसावे लागे, त्या काळी या पेटीची भीती वाटावी यात आम्हांस फारसे नवल वाटत नाही. फाळक्यांनी मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले आणि जादूचे प्रयोगही शिकून घेतले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजेच सरस्वतीबाई. १९०३ मध्ये पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व नकाशानवीस म्हणून नोकरी मिळाली, ती १९०६ मध्ये त्यांनी सोडून दिली. लोणावळ्यास छापखाना काढला, १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन रंगीत छपाईची यंत्रे पाहिली, छापखान्याचा लौकिक वाढविला, आणि भागीदारांशी न पटल्याने त्यातूनही अंग काढून घेतले. वयाची चाळिशी उलटलेली, हाती धंदा नाही, घरात मुलेबाळे.

अशा स्थितीत १९१०-११ च्या सुमारास मुंबईस गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन हलताना पाहत असता फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहू लागली. आपल्या देशातील कथा आपल्याच माणसांनी अशा हलत्या चित्रांत आणाव्यात, हा ध्यास त्यांनी तेथून घेतला. ते पुनःपुन्हा चित्रपट पाहावयास जाऊ लागले, आणि पत्नीसही घेऊन गेले. त्यांनी एक लहानसे यंत्र व काही फिती मिळविल्या, आणि रात्री घरी मेणबत्तीच्या उजेडात त्या भिंतीवर पाडून एकेक चित्र तपासण्यास प्रारंभ केला. रोज चार-पाच तास पडद्याकडे टक लावून बसणे आणि उरलेला वेळ फितीवर डोळे ताणणे, असा क्रम काही महिने चालला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. त्यांची दृष्टी मंदावत जाऊन अखेर दिसेनासे झाले. ज्या माणसाचे सर्व भांडवल डोळ्यांत होते, त्याचे डोळेच गेले. डॉक्टर प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांच्या उपचारांनी व तीन-चार प्रकारच्या चष्म्यांच्या साहाय्याने ती दृष्टी परत आली, आणि ती येताच फाळके पुन्हा त्याच फितींपुढे बसले. या हट्टास शहाणपण म्हणावे की कसे, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो. सरस्वतीबाईंनी तो विचारला नाही, एवढे खरे.

या फितीत फाळक्यांस काय दिसले असेल? बोटभर रुंदीच्या त्या पट्टीवर एकाखाली एक निश्चल चित्रे असतात. एका फुटात १६. कोणतेही चित्र हलत नाही. ती एका सेकंदात १६ या प्रमाणात डोळ्यांपुढून सरकली, की मागच्याचा ठसा पुसण्यापूर्वीच पुढचे येते आणि मनास हालचाल भासते. त्या काळच्या कॅमेऱ्यास बाजूस एक मूठ असे. ती एकदा फिरविली की सर्वसाधारणपणे आठ चित्रे घेतली जात. म्हणून सेकंदास दोन फेरे हा चित्रणकाराचा ताल. तबलजीने लय सोडू नये, तशी त्याने ही लय सोडावयाची नसे. पण लय मुद्दाम सोडली तर? मूठ सावकाश फिरवून घेतलेली चित्रे नेहमीच्या गतीने दाखविली, तर माणसे धावत सुटतात. भरभर फिरवून घेतलेली दाखविली, तर पडणारे पाणीही रेंगाळत पडते. म्हणजे घेण्याचा वेग आणि दाखविण्याचा वेग यांतील अंतर हाती आले, की काळ लांबविता येतो व आखडताही येतो. कॅमेऱ्याची खरी करामत येथे आहे, असे आमचे मत आहे. आणि फाळक्यांनी पहिल्या यशासाठी नेमकी तीच उचलली.

चित्रपटासाठी भांडवल हवे होते, आणि कोणी धनिक या खुळास पैसे देईना. फाळक्यांनी तेव्हा ना राजा उभा केला, ना राणी. एका कुंडीत वाटाणे पेरले, तिच्यासमोर कॅमेरा जागचा न हलविता ठेवला, आणि महिनाभर अंकुराची चित्रे घेत राहिले. मग ती फीत पडद्यावर सोडली. माती फुटली, कोंब वर आला, पाने उलगडली, वेल डोलत वाढू लागला, आणि हे सारे सुमारे एका मिनिटात! या छोट्याशा चित्रपटास अंकुराची वाढ या नावाने ओळखतात. ज्यांनी तो पाहिला त्यांची खात्री पटली, आणि पैशाची वाट मोकळी झाली.

फाळके दररोज एकच चित्र घेत, असे बहुतेक चरित्रांतून सांगण्यात येते. आमच्या विद्यार्थ्यांनी पाटी घेऊन ताळा करून पाहावा. महिन्याची ३० चित्रे सेकंदास १६ या गतीने दाखविली, तर खेळ दोन सेकंदांच्या आतच आटोपतो. मिनिटभराच्या खेळास ९६० चित्रे लागतात. म्हणजे दिवसास ३२. तेव्हा एक तर तो खेळ मिनिटाहून पुष्कळ लहान असला पाहिजे, किंवा फाळक्यांनी रोज कितीतरी वेळा त्या कुंडीपुढे जाऊन मूठ फिरविली असली पाहिजे. त्यांचा स्वभाव पाहता दुसरी गोष्ट आम्हांस अधिक संभवनीय वाटते. एका महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात. ती एका मिनिटात दाखविणे म्हणजे काळाची गती ४३,२०० पट करणे होय.

मोबाइलमध्ये मंदगती चित्रण म्हणून जी सोय असते, ती याच हिशेबाची उलट बाजू आहे. सेकंदास २४० चित्रे घ्यावयाची आणि ३० या गतीने दाखवावयाची, की काळ आठ पट लांबतो. प्रयोगशाळांतील कॅमेरे सेकंदास हजारो चित्रे घेतात. घरातील माशी सेकंदात सुमारे २०० वेळा पंख हलविते. सेकंदास २,००० चित्रे घेतली तर पंखाच्या प्रत्येक फडफडीची दहा चित्रे मिळतात, आणि ती सेकंदास २५ या गतीने दाखविली तर एका सेकंदाची उड्डाणक्रिया ८० सेकंद पाहत बसता येते. फाळक्यांचा वाटाणा फार सावकाश हलतो म्हणून दिसत नाही, माशीचा पंख फार लवकर हलतो म्हणून दिसत नाही. दोघांस आपल्या डोळ्यांच्या टप्प्यात आणणारी विद्या एकच.

तिचा उगम फाळक्यांच्याही आधीचा आहे. घोडा चौखूर उधळला असता त्याचे चारही पाय एकाच क्षणी जमिनीवरून उचलले जातात किंवा नाही, यावर विद्वानांत व चित्रकारांत मोठा वाद होता. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेस १२ कॅमेरे ओळीने मांडले. घोड्याच्या धावेबरोबर आडव्या तारा सुटून ते एकामागून एक उघडत गेले, आणि चारही पाय उचलले जातात हे सिद्ध झाले. आपल्याकडे १८९९ मध्ये सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पैलवानांची कुस्ती हलत्या चित्रांत टिपली. ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी ऑगस्ट मुस्गर नावाचे एक धर्मगुरू पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांनी आरशांच्या चक्राची योजना करून मंदगती चित्रांचे यंत्र शोधिले व १९०४ मध्ये त्याचा हक्क नोंदविला. पण फी भरण्यास पैसे नसल्याने तो हक्क त्यांच्या हातून गेला आणि लाभ एका जर्मन कारखान्यास झाला. पुढे अमेरिकेत एजर्टन यांनी विजेच्या क्षणिक लखलखाटाने, दुधाच्या पडत्या थेंबाचा मुकुट आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळीसुद्धा चित्रात धरून ठेवली.

आता आपण फाळक्यांकडे वळू. त्यांनी आपली विमापत्रे यशवंतराव नाडकर्णी यांजकडे गहाण टाकली, आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते विलायतेस निघाले. लंडनमध्ये बायस्कोप या साप्ताहिकाच्या संपादकांची गाठ त्यांनी ओळखीवाचून जाऊन घेतली. त्या गृहस्थाने प्रथम हा नाद सोडण्याचा सल्ला दिला, पण त्यांची तळमळ पाहून सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत नेऊन सर्व कारभार दाखविला. फाळक्यांनी ५० पौंडांस विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला, कोऱ्या फिती व भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदविली, आणि १ एप्रिल रोजी ते परतले.

येथे सरस्वतीबाईंविषयी लिहिणे अवश्य आहे, कारण चरित्रकारांनी त्यांस पुरेसा न्याय दिलेला नाही. विलायतेहून येणाऱ्या फितीच्या कडांस भोके नसत. ती अंधारात घरीच पाडावी लागत. भोक केसभर इकडेतिकडे झाले, तर पडद्यावर चित्र थरथरे. हे काम बाईंनी शिकून घेतले. चित्रफीत औषधी पाण्यात धुण्याचे कामही त्याच करीत. चित्रण सूर्यप्रकाशात चाले, आणि मुद्रेवरील सावली घालविण्यासाठी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे हेही त्यांच्याच वाट्यास येई. प्रकाशाचे हे महत्त्व आजही तिळमात्र उणे झालेले नाही. सेकंदास हजार चित्रे घ्यावयाची म्हणजे एकेका चित्रास सेकंदाच्या हजाराव्या भागाहून अधिक प्रकाश मिळूच शकत नाही. म्हणून वेगवान कॅमेऱ्यापुढे आजही प्रखर दिवे लावावे लागतात. चादर गेली आणि दिवा आला, एवढाच फरक. याशिवाय साठसत्तर माणसांचा स्वयंपाक त्या रोज करीत, आणि पैसा कमी पडला तेव्हा अंगावरचे दागिनेही त्यांनी काढून दिले.

राजा हरिश्चंद्र या चित्रपटास सहा महिने सत्तावीस दिवस लागले. दादरच्या बंगल्यात चित्रशाळा होती. त्र्यंबक तेलंग या मित्रास फाळक्यांनी चित्रणकला शिकविली आणि मूठ त्यांच्या हाती दिली. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले. राणीच्या कामास एकही स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणास तारामती केले, आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात हा चित्रपट लोकांसाठी सुरू झाला, आणि या देशाच्या चित्रपटाचा इतिहास तेथून मोजण्याचा प्रघात पडला.

पुढील चरित्र बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. १९१७ च्या लंकादहनात राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंक्यांनी केल्या. कालियामर्दनात त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. एखादे पात्र एकाएकी अदृश्य करावयाचे तर मूठ थांबवावयाची, पात्रास बाजूस करावयाचे, आणि मूठ पुन्हा सुरू करावयाची, ही युक्ती फाळके सहज वापरीत. आगकाड्या एकेक पाऊल सरकवून त्यांनी त्यांचाही खेळ रचला होता. १ जानेवारी १९१८ रोजी नाशिकास हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, भागीदारांशी मतभेद झाले, ते काही काळ वेगळे झाले व परत आले. धंद्याचे गणित त्यांस कधी साधले नाही. जो मनुष्य वाटाण्याच्या कोंबाची महिनाभर वाट पाहू शकला, तो भागीदाराच्या एका पत्रासाठी धीर धरीत नसे.

बोलपट आले आणि मुठीचे राज्य संपले. ध्वनीस एकच ठराविक गती लागते. ती कमीअधिक झाली तर आवाज किनरा अथवा घोगरा होतो. म्हणून विजेच्या यंत्राने सेकंदास नेमकी २४ चित्रे घेण्याचा नियम झाला, आणि लय चित्रणकाराच्या मनगटातून निघून यंत्रात गेली. फाळक्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी गंगावतरण हा बोलपट केला. तो १९३७ मध्ये प्रकाशित झाला व त्यांचा शेवटचा ठरला. उतारवय नाशिकास एकाकीपणात गेले, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने भारत सरकार चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देत आहे.

राजा हरिश्चंद्रचे जे भाग शिल्लक आहेत, ते आज कोणासही मोबाइलवर पाहता येतात. आमचे विद्यार्थी ते पाहतात आणि हसतात. कारण राजा, राणी व विश्वामित्र सारेच लगबगीने, ठेचकाळल्यासारखे चालताना दिसतात. पण तशी चाल ना दाबक्यांची होती, ना साळुंक्यांची. सेकंदास सुमारे १६ या लयीने घेतलेली चित्रे आमची यंत्रे पुष्कळदा २४ या लयीने पळवितात, म्हणून हा प्रकार. पालकांनी घरी मुलांसह तो चित्रपट पुन्हा लावावा, गती दोन-तृतीयांशाच्या जवळपास आणावी, आणि पाहावे. हरिश्चंद्र मग राजासारखा चालू लागतो.